मुद्दाम विसरलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे आणि माझा धंदा हरवण्याचा आहे. हसू नका. छत्र्या हरवतातच, त्यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण इतर छत्र्या बिचाऱ्या चुकून हरवतात. मला मात्र माझ्या मालकिणीने आयुष्यभर मुद्दाम हरवले. माझ्या हरवण्यावरून माणसांनी घरे घेतली आणि पसंत पडलेली घरे सोडूनही दिली. ऊन-पाऊस अडवणे हा माझा जोडधंदा समजा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक लांबलचक टेबल होते. त्याच्या एका टोकाला माझा नुसता दांडा ठेवला गेला आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मी अख्खी छत्री झाले. मूठ लाकडाची. ती वाफेवर धरून वाकवली तेव्हा चांगलाच चटका बसला, पण तक्रार कुणाकडे करणार? काड्या बसवणारी बाई दिवसभर गुणगुणत असे. कापड शिवणारीच्या ओठांत सतत सुई धरलेली, त्यामुळे तिचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. टाके मात्र तिने असे घातले की पुढे कापड विरले तरी शिवण उसवली नाही. शेवटी तपासणारा आला. खटका दाबून त्याने मला उघडले, आत डोके घालून उजेडाकडे पाहिले आणि म्हणाला, "ही टिकेल." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेले नाही.

दुकानात मी बरेच दिवस उलटी टांगलेली होते. मग एके दिवशी एक नवी नवरी आली आणि तिने मला हातात घेतले. उघडले, मिटले, पुन्हा उघडले, दांडा डोळ्यापाशी धरून सरळ आहे ना ते पाहिले. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, छत्री घेताय की सून करून घेताय?"

"दोन्ही बघूनच घ्यावं लागतं," ती म्हणाली, आणि मला घेऊन गेली.

तीच माझी मालकीण. तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणे, म्हणून पुढे सगळेच तिला आत्या म्हणू लागले. मीही तिला आत्याच म्हणते.

आत्याचे यजमान पूल बांधण्याच्या कामावर होते. एक पूल पुरा झाला की दुसऱ्या नदीवर रवानगी. त्यामुळे त्यांचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर. दर दोन-चार वर्षांनी नवे गाव, नव्या गल्ल्या आणि कुठे राहायचे हा जुना प्रश्न. ओळखीचे कुणी नसायचे. घरमालक तर आपल्या खोलीचे गुणच गाणार. मग परक्या वस्तीची पारख करायची कशी?

उत्तर सापडले ते आत्याच्या विसरभोळेपणामुळे. अशाच एका नव्या गावी दोघे खोल्या पाहत हिंडले आणि दमून परतताना आत्या मला दुधाच्या दुकानात विसरली. तेव्हा मात्र खरेच विसरली हो. दुसऱ्या दिवशी ती चेहरा पाडून परत आली. दुकानापाशी पोचायच्या आतच समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "छत्री विसरणाऱ्या त्या तुम्हीच का? कालपासून मी रस्त्याकडे डोळे लावून बसलेय. माझा स्वयंपाक करपला तुमच्यापायी." आणि मला खाली आणून देताना तिने आत्याला चांगलेच फैलावर घेतले.

आत्या घरी येऊन यजमानांना म्हणाली, "इथंच राहायचं."

"अगं, खोली तर नीट बघू."

"खोलीचं काय बघायचंय? भिंती सगळीकडे चारच असतात."

त्या गल्लीत त्यांचे दिवस फार सुखात गेले. पुढच्या गावी आत्याने मला मुद्दाम विसरले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. वस्ती बघायला जायचे, दुपारी माणसांच्या ये-जा करण्याच्या जागी मला टेकवून ठेवायचे आणि मागे न पाहता निघायचे. दुसऱ्या दिवशी जाऊन चौकशी करायची. चौकशी एकदाच आणि एकालाच. "छत्री मिळते की नाही ही अर्धी परीक्षा," आत्या म्हणे, "ती कशी मिळते ही उरलेली अर्धी."

मित्रांनो, मी काय काय पाहिले म्हणून सांगू! एका वस्तीत एका गृहस्थाने मला सरळ घरी नेले आणि संध्याकाळी मिरवत फिरायला निघाला. पण तोही मला दुधाच्या दुकानातच विसरला. चोराने न्यावे याचे दुःख होतेच, चोरानेही विसरावे हा मात्र अपमान होता. दुसऱ्या एका ठिकाणी तिघे जण भांडत पुढे आले. "मी उचलली!" "मी ठेवली!" "मी सांभाळली!" आत्याने तिघांचेही आभार मानले आणि ते घर सोडून दिले. "इथं उपकार मोजून ठेवतात," ती म्हणाली.

एक वस्ती तर मला कधी विसरता येणार नाही. तिथे मला बाजारपेठेत भर रस्त्याच्या कडेला एका पायरीवर ठेवले होते. अख्खा दिवस गेला. माणसे आली, माझ्याकडे पाहिले आणि वळसा घालून गेली. कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी जिथल्या तिथे, नुसती धुळीने माखलेली. यजमान खूश झाले. "बघ, कुणी शिवलंसुद्धा नाही. किती प्रामाणिक माणसं!"

आत्या माझ्यावरची धूळ झटकत होती. ती म्हणाली, "प्रामाणिक आहेतच. पण उद्या मी इथं चक्कर येऊन पडले, तर मलाही असाच वळसा घालून जातील."

मला तिचे हे बोलणे फार आवडले. त्या दिवसापासून मी हरवताना घाबरेनाशी झाले. आपली मालकीण वेंधळी नाही, आपण तिचे डोळे आहोत, असे मला वाटू लागले. तिची ख्याती नातेवाइकांत पसरली. कुणाला घर घ्यायचे असले की निरोप येई, "आत्या, जरा छत्री घेऊन या ना." मी थोडी शेफारलेही होते, खोटे कशाला बोलू?

पण चढानंतर उतार असतोच. यजमान गेले. पूल संपले, गावे संपली. आत्या शहरात आपल्या थोरल्या भावाकडे राहायला आली. येतानाच्या गर्दीत मी बसच्या दारात अडकले आणि माझी एक काडी मोडली. आत्याने मला दारामागच्या खिळ्याला अडकवले आणि तिथेच मी राहिले. एका बाजूने कापड लोंबू लागले. कोळ्याने जाळे विणले. घरात दुसरी, घडीची, रंगीत छत्री आली. ती पर्समध्ये मावायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. मला उघडणारे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे दादा.

दादा म्हणजे आत्याचा भाऊ. सगळी हयात शहरातली बस चालवलेला माणूस. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या थांब्यावर शाळेची पोरे चढतात, कुठला सिग्नल उशीर लावतो, सगळे तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर सकाळचे दूध आणायला ते मला घेऊन जात. दर वेळी उघडून म्हणत, "छोटे, हिची उजवीकडची काडी मोडलीय. जोडून घे." छोटी म्हणजे आत्या. केस पांढरे झाले तरी ती त्यांची छोटीच. आत्या हो म्हणे आणि विसरून जाई.

मग एका सकाळी दूध घेऊन परतताना दादा कोपऱ्यावर थबकले. डावीकडे वळायचे की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. मूठ त्यांनी इतकी घट्ट धरली की माझे लाकूड करकरले. ज्या माणसाने शहराला जन्मभर घरी पोचवले, त्याला स्वतःचे घर सापडत नव्हते. शेवटी शोधत आलेल्या आत्याने त्यांना परत आणले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. पण कोंडून ठेवू नका, चालू-फिरू द्या.

त्यातच राहती इमारत पाडायची ठरली. दादांची मुलगी म्हणजे आत्याची भाची. ती इस्पितळात एक्स-रे काढायचे काम करी आणि दिवसभर बाहेर असे. ती एका संध्याकाळी आत्याजवळ येऊन बसली.

"आत्या, घर एकदाच घेता येणार आहे मला. चुकलं तर दुरुस्त करायची ऐपत नाही. खोल्या लहान असल्या तरी चालतील. फक्त बाबा हरवले, तर परत आले पाहिजेत. अशी जागा शोधायचीय."

आत्या उठली, दारामागे गेली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. कोळ्याचे जाळे पुसताना तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले असते, पण छत्रीने आतून भिजणे बरे दिसत नाही.

भाचीचा नवरा छापखाना चालवायचा. स्वभावाने भला आणि थट्टेखोर. त्याची वस्ती पारखायची पद्धत वेगळी होती. तो मोबाईल उघडे आणि सांगे, इस्पितळ इतके जवळ, बाजार इतका लांब, लोकांनी दिलेले स्टार इतके. मला पाहून तो म्हणाला, "आत्या, तुमच्या छत्रीला किती स्टार द्यायचे?"

"आधी तिला हरवू तर दे," आत्या म्हणाली.

दोन जागा नजरेत होत्या. पहिली एक नवी सोसायटी. मोठे फाटक, सारख्या उंचीची झाडे, फरशी अशी की चेहरा दिसावा. आत्याने मला बागेतल्या बाकावर ठेवले. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच वॉचमनने मला उचलले, कार्यालयात नेले, गळ्यात चिठ्ठी अडकवली आणि एका कपाटात ठेवले. कपाट स्वच्छ होते, कोरडे होते. आत एक पाण्याची बाटली होती, एकुलता एक हातमोजा होता आणि एक चष्मा होता. चष्म्याला तिथे येऊन फार दिवस झाले होते. त्याला शोधायला कुणी आले नव्हते आणि त्याचा मालक शोधायलाही कुणी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी आत्या आली तेव्हा कारकुनाने मला अदबीने परत केले. "पुढच्या वेळी काळजी घ्या, मॅडम."

"मग झालं तर," जावई म्हणाला. "परीक्षेत पास."

"नाव ठेवायला जागा नाही," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज खुलला नव्हता. "दुसरीकडेही बघू या."

दुसरी जागा म्हणजे शहराच्या टोकाची एक चढाची गल्ली. बसचा शेवटचा थांबा गल्लीच्या तोंडाशी. तारा लोंबत होत्या, एक कुत्रे भर रस्त्यात झोपले होते आणि प्रत्येक गाडी त्याच्या झोपेचा मान राखून बाजूने जात होती. कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान, शेजारी किराण्याचे. त्या दिवशी घरी कुणी नसल्याने आत्याने दादांनाही सोबत आणले होते. जागा पाहून झाली. जिन्याचा कठडा हलत होता, पण खिडकीतून अख्खी गल्ली दिसत होती. परतताना आत्याने मला हळूच इस्त्रीच्या टेबलाला टेकवले आणि ती दादांना घेऊन बसमध्ये चढली.

तिथे तिची चूक झाली. आपण छत्री मुद्दाम ठेवली, हे तिने दादांना सांगितले नाही. सांगून तरी काय उपयोग, थोड्या वेळात विसरतीलच, असे तिला वाटले. मला मागाहून कळले की बस सुटल्यावर दादा म्हणाले, "छोटे, छत्री राहिली." ती म्हणाली, "असू दे दादा, उद्या आणते." आणि तिला वाटले, विषय संपला.

इकडे इस्त्रीवाली बाहेर आली आणि तिने मला पाहिले. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. मला उचलून ती थांब्याकडे धावली, हात हलवला, ओरडली. बस निघून गेली होती. धापा टाकत परत येऊन तिने मला उघडले, तर माझी ती मोडकी बाजू खाली लोंबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "बिचारी लंगडी आहे की. मालकीण येईल तेव्हा तिला अशीच द्यायची का?"

तिने किल्लीवाल्या आजोबांना हाक मारून मला त्यांच्या हवाली केले. हे आजोबा गल्लीच्या वरच्या टोकाला राहत, किल्ल्या करत, कुलपे उघडून देत आणि वेळ मिळाला की छत्र्या जोडत. घाई हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नसावा. त्यांनी मला घरी नेऊन एका पेटीवर आडवे केले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. इस्त्रीवालीचा तो नेमका सुट्टीचा दिवस. दुकान बंद. नियमाप्रमाणे आत्याने एकालाच विचारले, शेजारच्या किराणावाल्याला. तो तराजूतून मान वर न करता म्हणाला, "छत्री? काल कुणी म्हातारा घेऊन जाताना पाठमोरा दिसला खरा."

माणूस खोटे बोलला नव्हता. पण अर्धे सत्य ऐकून आत्या दुकानाच्या पायऱ्या उतरली. ती गल्ली तिच्या मनात भरली होती, म्हणून तिला जास्तच लागले. आणि मी गेले, याचेही तिला फार वाईट वाटले. पुन्हा विचारणे मात्र तिच्या नियमात बसत नव्हते. घरी जाऊन ती म्हणाली, "सोसायटीचंच घर घ्या."

मी वर पेटीवर पडून होते. ती खाली येऊन गेली हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटत होते, आज येईल, उद्या येईल. मित्रांनो, बोलता न येण्याचे दुःख मला तेव्हा कळले. आजोबांच्या हातात मी होते, पण मी कुणाची हे त्यांना सांगू शकत नव्हते. त्यांना माझ्या मापाची काडी मिळत नव्हती. शेवटी त्यांनी माळ्यावरून एक दिवंगत छत्री काढली, तिची काडी मला बसवली आणि काळा दोरा संपल्यामुळे हिरव्या दोऱ्याने शिवली. मला उघडून त्यांनी आत डोके घातले आणि उजेडाकडे पाहून मान डोलावली. मला कारखान्यातला तो तपासणारा आठवला.

मग इस्त्रीवालीने मला दुकानासमोरच्या खांबाला उघडीच टांगले. "कपाटात ठेवली तर मालकिणीला दिसणार कशी?" ती म्हणाली. एक गृहस्थ आला आणि म्हणाला, "अरे, ही तर माझी." इस्त्रीवालीने विचारले, "हिच्यात मोडकं काय होतं, सांगा बघू." तो मला खालून-वरून न्याहाळून म्हणाला, "मोडकं काहीच नाही." इस्त्रीवाली म्हणाली, "मग तुमची नव्हे."

रविवारी सोसायटीत जाऊन घर पक्के करायचे ठरले होते. पुढचे मी आत्याच्या तोंडून नंतर ऐकले ते असे. सगळे तयारीत गुंतलेले. भाची कागद शोधत होती, जावई गाडीची किल्ली. दादा गेले काही दिवस एकच सांगत होते, "छोटे, छत्री राहिलीय." सगळे हो हो म्हणत होते. निघायच्या वेळी पाहतात तर दार उघडे आणि दादा नाहीत.

भाची चप्पल न घालताच रस्त्यावर धावली. दुकाने, बाग, नेहमीचा कोपरा, कुठेच दादा नव्हते. रस्त्यावरून भरधाव गाड्या जात होत्या. ती ज्याला-त्याला विचारत होती आणि लोक मान हलवून पुढे जात होते. आत्या दारात उभी होती.

आणि त्याच वेळी, मित्रांनो, मी खांबावरून पाहिले. शेवटच्या थांब्यावर बस थांबली आणि तिच्यातून दादा उतरले. एकटे. शर्टाची बटणे वर-खाली लागलेली. ते सरळ माझ्याखाली येऊन उभे राहिले.

"काय हवंय आजोबा?" इस्त्रीवालीने विचारले.

"ही आमच्या छोटीची आहे."

"खूण सांगा."

दादांनी वर पाहिले. माझ्या अंगावरून त्यांची नजर सावकाश फिरली आणि बरोबर जागेवर थांबली. "हिची उजवीकडची काडी मोडली होती. मी किती दिवस सांगत होतो. कुणी जोडली?"

इस्त्रीवालीने तत्काळ मला खाली काढून त्यांच्या हातात दिले. "घ्या. आता घर कुठं तुमचं? एकटेच आलात?"

दादांनी रस्त्याकडे पाहिले. माझी मूठ त्यांनी पुन्हा तशीच घट्ट आवळली. ते म्हणाले, "माझी गाडी कुठाय? मी बस चालवतो."

मित्रांनो, इस्त्रीवाली हसली नाही. आजोबा, तुमचं वय झालं, असेही म्हणाली नाही. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "गाडी येतेय. बसा तोवर." किराणावाल्याने आपले स्वतःचे स्टूल बाहेर आणून ठेवले. किल्लीवाले आजोबा खाली उतरून शेजारी बसले आणि चढावर गाडी मागे घ्यायची झाली तर काय करावे, असे विचारू लागले. त्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. पण दादा उठून जाऊ नयेत म्हणून ते शिकायला तयार झाले. दादा रंगात येऊन सांगू लागले. इस्त्रीवाली मात्र थांब्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक बसच्या चालकाला बोलावून विचारू लागली, "यांना ओळखता का?"

पहिल्याने नाही म्हटले. दुसऱ्यानेही. मग एक चालक खाली उतरला आणि दादांना पाहून त्याने टोपीच काढली. "उस्ताद! अहो, मला गाडी यांनीच शिकवली." त्याने आगारात फोन लावला, तिथून घरचा नंबर मिळवला, आणि रस्त्यात अनवाणी उभ्या असलेल्या भाचीचा फोन वाजला.

ते तिघे आले तेव्हा दादा स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या डोक्यावर उघडलेली होते आणि मला धरले होते किराणावाल्याने, कारण दादांना बोलताना हातवारे करायला दोन्ही हात लागत. भाची त्यांच्या गुडघ्यांपाशी बसून रडू लागली. दादांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग त्यांनी मला मिटले आणि आत्यापुढे धरले.

"घे छोटे. किती वेळा सांगितलं तुला, राहिलीय म्हणून."

ज्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नव्हता, त्याला बहिणीची छत्री आठवली होती. ती आणायला तो शहर ओलांडून आला होता. आत्याने मला छातीशी धरले. इतक्या वस्त्यांची परीक्षा घेणारी ती बाई भर रस्त्यात हुंदके देऊन रडली. मग तिने मला उघडले आणि हिरवा दोरा पाहिला.

डोळे पुसल्यावर तिने इस्त्रीवालीला खरे ते सांगून टाकले. इस्त्रीवालीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आमची परीक्षा घेत होता होय?" क्षणभर मला वाटले, आता भांडण जुंपणार. पण ती म्हणाली, "मग आम्हीही घेतलीच की. खूण सांगितल्याशिवाय दिली नाही."

जावयाने मोबाईल खिशात टाकला आणि किराणावाल्याला विचारले, "ते वरचं घर अजून आहे का विकायला?"

"आहे," किराणावाला म्हणाला. "पण जिन्याखालचा नळ गळतो. आधीच सांगतो, मागून बोल नको."

"आत्या," जावई म्हणाला, "छत्रीला सगळे स्टार."

त्या घरात मग ते राहायला गेले. नळ खरोखरच गळत होता. दादा तिथून पुष्कळदा हरवले आणि दर वेळी परत आले. कधी इस्त्रीवालीचा हात धरून, कधी शाळेतून येणाऱ्या पोरांच्या घोळक्यात, कधी बसचालकाच्या शेजारच्या सीटवर ऐटीत बसून. शेवटी शेवटी त्यांना गल्ली ओळखू येईना, पण गल्लीला ते ओळखू येत. ते गेले तेव्हा आपल्याच घरात, आपल्याच माणसांत होते, आणि किल्लीवाले आजोबा त्यांच्या उशाशी बसून चढावरची गाडी मागे कशी घ्यायची ते पुन्हा एकदा विचारत होते.

माझा धंदा मात्र पार बुडाला. आत्या एकदा जुन्या सवयीने मला थांब्यावर विसरून आली, तर ती घरी पोचायच्या आत मी घरी पोचले होते. या गल्लीत मला हरवणे कुणालाही जमत नाही. आता मी इस्त्रीच्या दुकानातल्या खिळ्याला असते. बसमधून उतरलेल्या कुणाला ऊन लागले, सरीत कुणी अडकले, तर तो मला नेतो आणि आणून अडकवतो. कापड ठिकठिकाणी विरले आहे. किल्लीवाल्या आजोबांची नजर अधू झाली, म्हणून ठिगळे आता आत्या लावते, तेही हिरव्या दोऱ्यानेच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, परक्या वस्तीत घर बघायला जाल. तेव्हा भिंती बघा, नळ बघा, मोबाईलही बघा. पण कोपऱ्यावर थोडे थांबा आणि तिथे हरवलेल्या वस्तूचे काय होते ते बघा. आणि एकाचेच ऐकून माघारी फिरू नका, माझी आत्या फिरली होती तशी.

पण माझे खरे मागणे दुसरेच आहे. तुम्ही राहता ती गल्लीही कुणासाठी तरी परकीच असते. कुणास ठाऊक, आजच दुपारी एखादी आत्या तिथे येऊन गेली असेल आणि तुमच्या पायरीला एक छत्री टेकवून, मागे न पाहता निघाली असेल. घरी तिचा कुणी दादा असेल. तेव्हा वळसा घालून जाऊ नका. ती उचला, उघडून बघा, काडी मोडली असेल तर जोडा, आणि येणाऱ्याला दिसेल अशी उंचावर टांगून ठेवा.